आधी पितांबर

आमच्या सासरी बांगडी कधी फुटत नसे, ती वाढत असे. जात्याच्या खुंट्याला लागून तडको की हातातून निसटून दगडावर पडो, 'वाढली' असंच म्हणायचं आणि तुकडे पदराआड लपवून तुळशीच्या बुंध्याशी पुरायचे. अशा घरात, मला सातवा महिना लागलेला असताना, एक परकी सवाशीण बैलांच्या दमणीतून उतरली, पाय धुऊन ओसरीवर टेकली आणि गुळपाण्याला हात लावायच्या आधी माझ्या सासूबाईंना म्हणाली, "अम्मा, फुटक्या बांगड्या आहेत कीं घरांत? हिरव्या, तांबड्या, कोठल्याही चालतील. जितक्या जास्ती फुटल्या असतील तितकं बरं."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांच्या हातातली गुळाची वाटी तशीच राहिली. मोलकरीण सखू तोंडाला पदर लावून आत पळाली. मला मात्र, कितीतरी दिवसांनी, हसू आलं. ते हसू त्या बाईंनी पाहिलं आणि त्याही हसल्या.

त्या तंजावरच्या अक्का. त्यांचे यजमान लातूरच्या रेल्वे स्टेशनात तारेच्या कामावर होते. दोघंही तंजावरचे, मराठी राजांबरोबर कुठल्या तरी पिढीत तिकडे गेलेल्या घरांतले. घरी मराठीच बोलायचे, पण ते मराठी तिकडे गेलं त्या दिवसापासून जागचं हललेलं नव्हतं. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, म्हणायचे, "ही बाई बोलत नाही, बखर वाचते." सखूनं दोन दिवस ऐकून आपला निकाल दिला, "ह्यांचं बोलणं लई जुनं हाय, पोथीवानी. पर वाईट न्हाई." 'बरं बरं' म्हणायचं तिथं अक्का तमिळातलं 'सरी सरी' म्हणत. दिवसातून इतक्या वेळा म्हणत की सखूही भांडी घासताना 'सरी' म्हणू लागली.

त्यांना बोलावलं होतं आत्याबाईंनी. लातूरला एका आडत्याच्या घरी लग्नाला गेल्या असताना त्यांनी तिथं देवघरात अक्कांच्या हातचा बाळकृष्ण पाहिला होता. रांगता, गोरापान, हातात लोण्याचा गोळा, अंगावर खऱ्या सोन्याचा वर्ख लावलेले दागिने, आणि दिव्याच्या उजेडात ते दागिने जिवंत असल्यासारखे हलणारे. त्या घरच्या सुनेनं गरोदरपणी रोज त्या चित्राकडे पाहिलं आणि तिला सुदृढ मुलगा झाला, असं तिथल्या बायकांनी सांगितलं. आत्याबाईंनी तिथंच ठरवलं की असं चित्र आपल्या घरी व्हायचं, आणि तेही आपल्या सुनेच्या डोळ्यांदेखत.

कारण माझी पहिली दोन मुलं गेली होती. दोन्ही बाळंतपणं माहेरी, नांदेडला झाली. पहिली मुलगी जन्मली तीच निपचित. दुसरा मुलगा जगला. बारशाची तयारी चालली होती, आईनं गोदावरीच्या काठावरून ओटीसाठी सगळं आणलं होतं, आणि बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी तो दूध पिता पिता गेला. माझे यजमान नांदेडलाच कचेरीत नोकरीला, ते महिन्यातून एकदा घरी, औशाला येत. तिसऱ्या खेपेला आत्याबाई म्हणाल्या, "आता माहेर न्हाई. ह्या टायमाला माझ्या नजरंपुढं." तेव्हा मी कशावरच काही बोलत नसे.

अक्कांनी चित्राआधी फळी शोधायला घेतली. त्यांच्या गावाकडे फणसाची फळी वापरतात, औशात फणस कुठला? सुतारानं लिंबाची आणली, आंब्याची आणली. अक्का प्रत्येक फळीवर बोटाच्या पेरानं ठोकत, कान लावून ऐकत आणि मान हलवत. शेवटी त्या माजघरातल्या फडताळाच्या दारावर ठोकत उभ्या राहिल्या. जुनं सागवान होतं. "अम्मा, हें द्याल?" आत्याबाईंनी फडताळाकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि बिजागऱ्या काढायला सांगितल्या. पुढे कित्येक वर्षं ते फडताळ बिनदाराचं राहिलं आणि मांजरानं त्याचा फायदा घेतला.

फळीवर मामंजींचं जुनं धोतर चिकटवलं, ते चिंचोक्यांच्या खळीनं. चिंचोके आमच्याकडे पोत्यानं. ते भाजून, भिजवून, वाटून, शिजवून अक्का खळ करत आणि चूल विझली तरी ढवळत बसत. मग चुनखडीची वस्त्रगाळ पूड लावून, दगडानं घासून ती फळी त्यांनी इतकी गुळगुळीत केली की सखू येता-जाता तिच्यावरून हात फिरवून जायची. ही कला त्यांची घरची नव्हती. तंजावरला त्यांच्या घरामागच्या गल्लीत चित्रकारांची घरं होती. लहानपणी त्या तिथं जाऊन बसत, आणि एका म्हाताऱ्या चित्रकारानं "बसलीच आहेस तर खळ ढवळ" म्हणून कामाला लावलं. "ढवळतां ढवळतां पंधरा वर्षं गेलीं," असं त्या सांगत.

रेखाटन झालं त्या दिवशी आत्याबाईंनी मला हाताला धरून समोर आणून बसवलं. "बघ. बाळाच्या तोंडाकडं बघत बस. रोज बसायचं." फळीवर रांगणारं गुबगुबीत बाळ होतं. गालाची रेघ, दंडाच्या वळ्या, पोट जमिनीला टेकलेलं. तोंड अजून कोरंच होतं. मी पाहिलं आणि माझ्या हातांना तो दुसरा मुलगा आठवला. डोळ्यांना आठवला असता तर डोळे मिटले असते. पण हातांना आठवला, त्याचं वजन, त्याच्या मांड्यांचा तो मऊपणा. मी उठले आणि परसात जाऊन भडाभडा ओकले. आत्याबाई मागून ओरडत होत्या, "अगं, देवाकडं बघून वकतीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर अक्कांनी फळी उलटी केली होती. बाळाचे पाय वर, डोकं खाली, आणि डोक्याच्या जागी एक पांढरं फडकं बांधलेलं. उलटं पाहिल्यावर ते बाळ दिसेचना. नुसत्या रेघा, वळणं, झाडाच्या फांद्यांसारखं काहीतरी. आत्याबाईंनी विचारलं, "हे काय?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "आमच्या तिकडे असंच करतात. उलट्यानं रेघ नीट कळते. आणि तोंड झांकायचं, दृष्ट लागते." आत्याबाई घटकाभर बघत राहिल्या आणि निघून गेल्या. मग अक्का मला म्हणाल्या, "बाळाकडे बघूं नकोस, गोदा. आज बाळाचं काम नाहीं. आज पितांबर करायचा. आधी पितांबर, मग हार, मग मोत्यांचा पडदा. बाळ सगळ्यांत मागून. तोंवर त्याची काळजी नको."

त्यांनी माझ्या हाती काम दिलं. बांगड्यांच्या तुकड्यांना कानशीनं घासून गोल करायचं. महायुद्धाच्या लढाईमुळे चित्रात बसवायचे खडे मिळेनासे झाले होते, म्हणून ही युक्ती. आत्याबाईंनी नाराजीनं का होईना, शेजारपाजारहून बांगड्या आणवल्या होत्या. सखू मागायला जायची ती 'वाढलेल्या असतील तर द्या' म्हणून, आणि अक्का घेताना न चुकता 'फुटलेल्या' म्हणायच्या. मग डिंकात कालवलेली चुनखडी कुंचल्यानं थेंबाथेंबानं रचून हार, बाजूबंद उंच उठवायचे. पहिल्या दिवशी माझे थेंब वाहून गेले. अक्कांनी ते नखानं खरवडून काढले. "सरी, पुन्हां." चौथ्या-पाचव्या दिवशी पितांबराचा काठ मी एकटीनं उठवला. त्या खोलीत दुपारभर बसायला मला आवडू लागलं. आत्याबाई दारातून डोकावत आणि सून चित्रासमोर बसली आहे एवढं पाहून समाधानानं जात.

अक्कांच्या सवयी सगळ्या घराला परक्या. सकाळी उठून त्या दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत, मुंग्यांनी खावी म्हणून. आमच्याकडे तांदूळ सणासुदीला. आत्याबाई पहिल्या दिवशी कळवळल्या, "मुंग्यांला भात? आमच्या गड्यांला न्हाई भात." दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी ज्वारीचं पीठ घेतलं. "इकडच्या मुंग्यांना इकडचं." भाकरी मात्र त्यांना शेवटपर्यंत थापता आली नाही. सखू शिकवायची, त्यांची भाकरी तव्यावर जाताना फाटायची, आणि दोघी एकमेकींच्या भाषेची नक्कल करत हसत सुटायच्या.

एकदा दुपारी मी धीर करून विचारलं, "अक्का, तुम्हाला मुलंबाळं?"

"एक होती," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "चार वर्षांची झाली होती. गोवर आला."

मी कुंचला वाटीत ठेवला. मग त्याच म्हणाल्या, "लोक सांगतात विसर. मला नाहीं विसरायचं. मी तिला बरोबर घेऊनच असते. पण दर घडीला वळून तिच्याकडे बघत नाहीं. बघितलं तर काम होत नाहीं, आणि काम नाहीं झालं तर मीही राहात नाहीं." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. "डिंक घट्ट झाला बघ. पाणी घाल."

मी पाणी घातलं. त्या संध्याकाळी मी त्यांना माझ्या मुलाचं सगळं सांगितलं. त्याचे केस, त्याची जांभई. त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारायचं धाडस केलं नव्हतं आणि मलाही ते आपणहून बोलणं अभद्र वाटायचं. अक्का ऐकत होत्या आणि मोत्यांचे थेंब ठेवत होत्या. रडायला आलं, रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

वर्ख लावायचे दिवस आले तेव्हा उन्हाळा भर जोरात होता. तंजावरहून त्यांच्या भावानं पाठवलेला सोन्याचा वर्ख कागदांच्या पानांत जपून ठेवलेला होता. तो इतका पातळ की बोलण्याच्या वाऱ्यानंही उडायचा. मग खिडक्या बंद, दार बंद, पंखा घालायचा नाही. "सोनं लावताना श्वास नाकानं घ्यायचा," अक्का बजावत, "आणि तोही हळूच." घामानं निथळत आम्ही दोघी मुक्यानं बसायचो. मी उठवलेल्या पितांबराच्या काठावर पहिलं पान बसलं आणि कापसानं दाबल्यावर खालचा प्रत्येक थेंब सोन्याचा होऊन वर आला, तेव्हा मी आनंदानं टाळी वाजवली आणि दुसरं पान उडून अक्कांच्या नाकावर बसलं. त्या तशाच सोन्याच्या नाकानं माझ्याकडे बघत राहिल्या.

दोन दिवसांनी मी त्यांना म्हणाले, "अक्का, तुम्ही भिंतीवर पण वर्ख लावलात का?"

"कोठें?"

"सगळीकडेच दिसतोय. तुमच्या डोक्यापाशी पण. चमकतंय, विझतंय."

त्यांनी कुंचला खाली ठेवला. माझ्यापाशी येऊन बसल्या. माझ्या घोट्यावर अंगठा दाबला, तिथं खळगा पडला तो भरून येईना. जोडवी बोटांत रुतली होती. "डोकं दुखतं?"

"थोडं. दोन-चार दिवस झाले. उन्हानं असेल."

"अम्मांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना कशाला आणखी घोर."

अक्का उठल्या, दार उघडलं आणि सरळ माजघरात गेल्या. मी भिंत धरत मागे गेले. आत्याबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

"अम्मा, गाडी जुंपायला सांगा. गोदाला लातूरला डाक्टरीणबाईंकडे न्यायला हवं. आतांच."

"का? काय झालं?"

"पाय सुजलेत. डोकं दुखतंय. डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात. माझ्या थोरल्या वहिनीला असंच झालं होतं. उद्यां बघूं म्हणून आम्ही थांबलों. मग बघायला कांहीं राहिलं नाहीं."

"पाय समद्याच बायांचे सुजत्यात," आत्याबाई म्हणाल्या. सूप हातातच होतं. "आठवा सरला न्हाई अजून. आठव्यात पोटुशीला गाडीत घालून लातूरची वाट? धक्क्यानं मधीच काय झालं मंजी?"

"तर मी जबाबदार."

"तुम्ही जबाबदार व्हऊन काय करणार? माझं काय वापस येणार हाय का? तुम्ही तुमचं चित्र बघा. हे माझ्या घरचं हाय."

आवाज ऐकून मामंजी ओसरीवरून आत आले. कधी नव्हे ते गडबडले होते. म्हणाले, "आधी सुईणीला बोलावू. तिला बघू दे. मग सकाळी इंतजाम करू." एरवी अशा वेळी अक्का 'सरी' म्हणून बाजूला झाल्या असत्या. या वेळी त्या म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या.

"गोदा, तूं सांग. तुज काय वाटतं? जायचं कीं थांबायचं?"

त्या घरात मला आजवर विचारलं गेलं होतं ते एवढंच, की भाकऱ्या किती टाकायच्या. सगळे माझ्याकडे बघत होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ठिणग्या नाचत होत्या. मला आत्याबाईंची भीती वाटत होती. त्याहून जास्त भीती पोटातल्या जिवाची होती.

"मला जायचंय," मी म्हणाले. "आत्याबाई, मला लई भेव वाटून राहिलंय. मला न्या."

मी नांदेडच्या शाळेत शिकलेली, घरात नीटनेटकं बोलणारी. त्या क्षणी तोंडून त्यांचीच बोली आली. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. हातांना लागलेला कोंडा झटकला. "सखू, दमणीत गादी टाक. दोन टाक. पाण्याची कळशी घे," असं म्हणत त्या बाहेर गेल्या, आणि बैल जुंपायच्या आधीच वर चढून बसल्या.

आमचा गाडीवान बाबूमियाँ. अक्का त्याच्या मागेच बसल्या होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, "त्वरा करा हो, त्वरा करा." बाबूमियाँनं वळून आत विचारलं, "माँजी, ये बाई क्या बोलरै?" आत्याबाई ओरडल्या, "जल्दी म्हणून राहिली ती! जल्दी!" बाबूमियाँ म्हणाला, "जल्दी करूं तो धक्के लगते, आहिस्ता करूं तो देर होती. अब तुमीच बोलो, मैं क्या करूं." पण त्या माणसानं सगळी वाट खड्डा चुकवत, बैलांशी लाडीगोडी करत गाडी अशी नेली की मला धक्का जाणवला नाही. उजेड सोसवत नव्हता म्हणून आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेऊन पदरानं डोळे झाकले होते. त्या पदराखाली मला त्यांचा आवाज येत होता. स्वतःशीच बोलल्यासारखा.

"पहिल्या बारीला नांदेडला पोचले तवा समदं उरकलं होतं. दुसऱ्याला बारशाला निघाले होते, आंगडं-टोपडं पिशवीत. वाटंतच निरोप भेटला. एकाचं बी तोंड बघाया न्हाई मिळालं मला."

मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या आल्या नव्हत्या हे ठाऊक होतं, त्या निघाल्या होत्या हे नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

लातूरला डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "आज आणलंत ते बरं केलंत." मग मला काळोख्या खोलीत झोपवलं. मीठ बंद, बोलणं बंद, औषधं चालू. अक्कांचं घर स्टेशनाजवळच होतं. तिथून त्या दोन्ही वेळा बिनमिठाची पेज घेऊन येत. आत्याबाई दवाखान्याच्या ओसरीवरून हलल्या नाहीत. आठवडा गेला, सूज उतरू लागली, आणि मग दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या.

त्या तासांचं मला फारसं आठवत नाही. मूल झालं आणि खोलीत काहीच आवाज आला नाही, एवढं आठवतं. ही शांतता माझ्या ओळखीची होती. मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाई काहीतरी भराभर करत होत्या, थोपटत होत्या. आणि मग बारीकसा, मांजराच्या पिल्लासारखा, चिडलेला आवाज आला. पुन्हा आला. मग थांबेचना.

दाराबाहेर दाईनं सांगितलं, "मुलगी आहे." आत्याबाईंचा प्रश्न मला आतून ऐकू आला. "रडती हाय ती हीच न्हवं?" "हो, हीच." "मग बास झालं," आत्याबाई म्हणाल्या, आणि धप्पकन खाली बसल्याचा आवाज आला. पाठोपाठ अक्का त्यांना सावरत काहीतरी तमिळात बोलत होत्या. घाईत त्या मराठी विसरल्या होत्या. मी खूप दिवसांनी, अगदी तळापर्यंत झोपले.

दोन महिन्यांनी मुलीला घेऊन औशाला आलो. मागोमाग अक्काही आल्या, राहिलेलं चित्र पुरं करायला. फळी तशीच उलटी, फडकं बांधलेली. अक्कांनी ती सुलटी केली, फडक्याच्या गाठीला हात घातला आणि मला विचारलं, "आतां बघवेल?" मांडीवर लेक होती. मी म्हटलं, बघवेल. बघवलं. थोडं दुखलं, पण उठून जावंसं वाटलं नाही. अक्कांनी गालांना रंग भरला, हनुवटी केली आणि शेवटी दोन टपोरे डोळे. आत्याबाई नातीला न्हाऊ घालून तिथंच घेऊन बसत. आमची लेक काडीसारखी आणि समोरचा कृष्ण हा असा. "येवढं लोणी एकट्यानं खातुस," त्या कृष्णाला म्हणत, "थोडं आमच्या नातीला दे की रे."

चित्र देवघरात लागलं त्या दिवशी अक्का आत्याबाईंना म्हणाल्या, "अम्मा, एक सांगायचं राहिलं. आमच्या तिकडे चित्र उलटं करीत नाहींत. मी खोटं बोललें होतें."

"मला पहिल्याच दिशी कळलं की ते," आत्याबाई वात वळता वळता म्हणाल्या. "देवाला उलटं कोण टांगतं? पर गोदी खोलीत बसाया लागली होती. मी कशाला बोलू?"

अक्का यानंतर दोन वर्षं लातुरात होत्या. सणाला येत, भाकरी फाडत, परत जात. मग यजमानांची बदली दक्षिणेकडे झाली. ते निघून गेल्यावर वर्षभरातच आमच्या भागात जाळपोळीचे, धामधुमीचे दिवस आले. घरं सोडून जावं लागलं, परत यावं लागलं. त्या दिवसांत अनेकदा मनात यायचं, अक्का सुखरूप आपल्या गावी आहेत, तेवढं तरी बरं झालं.

अक्कांना निरोप द्यायला मी, आत्याबाई आणि लेक लातूर स्टेशनावर गेलो होतो. आत्याबाईंनी वाटेत खायला कारळाची चटणी आणि दशम्या बांधून दिल्या. बायका अशा वेळी जे बोलतात तेच आम्ही बोललो, पत्र धाडा, तब्येत सांभाळा. बोलणं संपलं आणि गाडी काही सुटेना. तेवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली आणि माझी लेक दचकून जी रडायला लागली ती कुणाला ऐकेना. अक्कांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि फलाटावरून थेट इंजिनापाशी चालत गेल्या. ड्रायव्हर त्यांच्या यजमानांच्या ओळखीचा. त्याच्याशी काहीतरी बोलल्या आणि पोरीला वर त्याच्या हातात दिलं. त्यानं तिचा इवलासा हात धरून शिट्टीची साखळी ओढायला लावली. स्टेशनभर आवाज घुमला. पोर गप्प झाली, साखळीकडे बघितलं आणि पुन्हा ओढली. मग पुन्हा. स्टेशनमास्तर बाहेर येऊन बघू लागले तेव्हा अक्कांनी तिला खाली घेतलं, माझ्या कडेवर दिलं आणि घाईनं डब्यात चढल्या. खिडकीतून त्या माझ्याकडे नाही, पोरीकडेच बघत होत्या. गाडी वळणाआड गेली.

परतीच्या वाटेवर दमणीत मी आणि आत्याबाई दोन कडांना बसलो होतो. पोर मात्र मधोमध उभी राहून, हवेतली साखळी ओढून, "कूऽऽ" करत होती. बाबूमियाँचे बैल कान टवकारत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तिचं थांबायचं लक्षण दिसेना. शेवटी मी तिला दटावलं, "बास कर आता. आजीचं डोकं दुखेल."

आत्याबाई बाहेर बघत होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि पोरीला ओढून मांडीत घेतलं.

"वाजू दे तिला," त्या म्हणाल्या. "आमच्या घराला आवाज पायजेल."